देवनागरीच्या नावाने विकलेल्या निबबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख यांस,

विषय : देवनागरी विशेष आवृत्तीच्या फाउंटन पेनाची निब जाहिरातीतील वर्णनाप्रमाणे नसल्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीने नुकतीच काढलेली देवनागरी विशेष आवृत्ती मी आगाऊ नोंदणी करून, ८,५०० रुपये भरून घेतली. पेन मिळाले, पण ज्या एका गोष्टीसाठी ते घेतले तीच त्यात नाही. आपल्या माहितीपत्रकात ‘बोरूच्या धर्तीवर, देवनागरीसाठी खास तिरका कट दिलेली निब’ असे ठळक छापले आहे. मला आलेली निब साधी, सरळ कापाची स्टब, म्हणजे रुंद चपट्या टोकाची निब आहे. हे कळवल्यावर आपल्याकडून दोन ओळींचे उत्तर आले : हाताने घडवलेल्या वस्तूत थोडाफार फरक असतोच, वापराने निब रुळेल. हे उत्तर मला मान्य नाही. का मान्य नाही ते सविस्तर लिहिते आहे, कारण निबमधले ज्याला कळते अशा माणसाने हे पत्र वाचावे अशी माझी इच्छा आहे.

पेनाच्या बाकीच्या घडणीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. काळ्या-तांबड्या लाटांचे एबोनाइट, म्हणजे कडक केलेले रबर, लेथवर फार सुंदर उतरवले आहे, टोपणाचे आटे घट्ट आणि मऊ आहेत, हातात धरल्यावर एबोनाइटला येते ती ऊब येते. टोपणावरची मुळाक्षरे कोरणाऱ्याचा हात कसलेला आहे, हे पाहताक्षणी कळते. त्या कारागिरांपर्यंत माझे हे शब्द जरूर पोचवा. त्यांनी एवढे जीव ओतून केलेल्या पेनात अशी निब बसवली गेली, याचेच अधिक वाईट वाटते.

मी शाळेत मराठी शिकवते आणि मुलांचा सुलेखनाचा वर्ग घेते. गावातल्या संस्थांची मानपत्रेही माझ्याकडे लिहायला येतात. ती मी आजवर बोरूने लिहीत आले. बोरूला शाई धरून ठेवता येत नाही, दर दोन-चार अक्षरांनी तो दौतीत बुडवावा लागतो, आणि लांब मजकुरात अक्षराचा रंग कुठे गडद तर कुठे फिका होतो. बोरूचा कट आणि फाउंटन पेनाची शाई एकत्र मिळणार म्हणून मी ही आवृत्ती घेतली. नुसते शोभेचे पेन हवे असते तर यापेक्षा निम्म्या किमतीत मिळाले असते.

आता मुद्द्याचे. रोमन लिपीसाठी निबची धार ज्या बाजूला झुकलेली लागते, त्याच्या उलट बाजूला ती देवनागरीसाठी झुकलेली लागते. म्हणून बोरूचे टोक तिरके छाटतात. साधारण ४५ अंशांच्या त्या कटामुळे काना आणि शिरोरेषा जवळजवळ सारख्या जाडीच्या येतात. डावीकडून उजवीकडे खाली उतरणारी तिरकी रेघ बारीक राहते आणि उजवीकडून डावीकडे उतरणारी भरते. जाड-बारीक रेषांची ही वाटणी बोरूनेच आपल्या लिपीला दिली. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याची जुनी पुस्तके उघडून पाहिली तर त्या खिळ्यांतही बोरूचे वळण दिसते.

आपल्या निबने मी पहिला शब्द लिहिला तो ‘कृतज्ञतापूर्वक’. काने खांबासारखे जाड आले आणि शिरोरेषा केसाएवढी बारीक. सरळ कापाची स्टब नेहमीसारखी धरली की उभी रेघ जाड आणि आडवी बारीक येणारच, तो तिचा धर्मच आहे. इंग्रजी सहीला ते शोभून दिसते. बाळबोध अक्षरात मात्र शब्द डोक्यावर छप्पर नसल्यासारखा दिसतो. पेन बोटांत फिरवून कोन साधायचा प्रयत्न केला तर निबचा एक कोपरा कागदावरून उचलला जातो आणि रेघ मध्येच तुटते. थोडक्यात, या निबने देवनागरी लिहिता येते, पण कोणत्याही स्टबने येते तेवढीच.

दुसरी गोष्टही याच शब्दात लक्षात आली. मराठी माणूस शब्द लिहून झाला की वर एका दमात शिरोरेषा ओढतो. रोमन लिपीत एवढी लांब, न तुटणारी आडवी रेघ सहसा येत नाही. ‘कृतज्ञतापूर्वक’वर रेषा ओढताना ‘पू’पाशी शाई फिकी पडली आणि शेवटच्या ‘क’वर नुसता ओरखडा उमटला. पेन नीट धुऊन, शाई बदलून, वेगळ्या कागदावर पाहिले, तरी तेच. रुंद निब शाई भरपूर मागते आणि निबखालच्या, तिला शाई पुरवणाऱ्या फीडमधून तेवढी वेळेवर पोचत नाही. जे पेन देवनागरीसाठी म्हणून घडवले, त्याची चाचणी घेताना कोणी एक लांब मराठी शब्द शिरोरेषेसकट लिहून पाहिला होता का, हे मला जाणून घ्यायचे आहे.

फरक फक्त माझ्याच पेनात असता तर आपले ‘थोडाफार फरक’ हे उत्तर मी एक वेळ मानले असते. पुण्यात आम्ही फाउंटन पेनांची आवड असलेली मंडळी अधूनमधून जमतो. या वेळी जमलो तेव्हा तिघांकडे हीच आवृत्ती होती. तिन्ही निबा दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली पाहिल्या. तिरका कट म्हणजे वरून पाहताना निबचा एक कोपरा पुढे आणि दुसरा मागे दिसायला हवा. तिन्ही निबांचे दोन्ही कोपरे एका रेषेत होते. त्यातल्याच एकाने आपल्या जुन्या पेनातली, जर्मन बनावटीची सहा नंबर मापाची, १.१ मिलिमीटर रुंद टोकाची स्टब काढून शेजारी ठेवली. वरची नक्षी सोडली तर टोकात काडीचाही फरक दिसला नाही. तेव्हा हा हातकामातला फरक नाही. बाजारात तयार मिळणारी निब नक्षी बदलून बसवली आहे, आणि तिला देवनागरीचे नाव दिले आहे, असेच आम्हा सगळ्यांचे मत पडले.

एक-दोघे म्हणाले, पेन देखणे आहे, निब कोणाकडून तरी घासून घेऊ आणि सोडून देऊ. मला ते पटत नाही. ज्या कटाचे पैसे आपण आधीच घेतले आहेत, त्यासाठी ग्राहकाने पुन्हा निब घासणाऱ्याला पैसे का द्यायचे? शिवाय १.१ मिलिमीटरच्या टोकातून ४५ अंशांचा कट काढायचा तर बरीच धातू जाते. असल्या स्टबच्या टोकाला कठीण धातूचा मणी नसतो, नुसते पोलाद असते. घासताना हात चुकला तर निब कायमची गेली. आणि ‘वापराने रुळेल’ याबद्दल : वापराने निबचा खरखरीतपणा कमी होतो, तिच्या धारेचा कोन बदलत नाही.

आपल्या माहितीपत्रकात कॅम्लिनच्या दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत सुरू केलेल्या शाईच्या उद्योगापासून आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या स्वदेशी एबोनाइट पेनांपर्यंतचा इतिहास दोन पाने भरून दिला आहे. तो मी आवडीने वाचला. आपल्या लिपीसाठी कोणी निब घडवते आहे, या आनंदात मी वर्गातल्या मुलांनाही ते पत्रक दाखवले. आता मुले विचारतात, बाई, नवीन पेनाने लिहून दाखवा ना. त्यांना मी अजूनही बोरूनेच लिहून दाखवते.

माझी मागणी साधी आहे. वर्णनाप्रमाणे तिरका कट दिलेली आणि एका दमात शिरोरेषा ओढता येईल एवढी शाई पुरवणारी निब फीडसह मला बदलून मिळावी, येण्याजाण्याचा खर्च आपण करावा. तशी निब आपल्याकडे तयारच नसेल तर तसे स्पष्ट लिहावे आणि पूर्ण रक्कम परत करावी. त्याचबरोबर विक्रीच्या पानावरून ‘देवनागरी कट’ हे वर्णन लगेच काढावे, म्हणजे पुढचा ग्राहक फसणार नाही. वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला नकार देता येत नाही, हे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट आहे. १५ दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि गरज पडल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ती वेळ येऊ नये असे मनापासून वाटते, कारण कट नीट दिला तर हे पेन मला हवेच आहे.

सोबत निबची भिंगाखालून काढलेली छायाचित्रे, लिहिलेल्या नमुन्याचे पान, पावतीची प्रत आणि आपल्या माहितीपत्रकाचे संबंधित पान जोडले आहे. पेन धुऊन, कोरडे करून मूळ डबीत ठेवले आहे. ते कोणत्या पत्त्यावर पाठवायचे ते कळवावे.

कळावे,
आपली विश्वासू,
(नाव व ऑर्डर क्रमांक पावतीप्रमाणे)
पुणे