आरोग्यमंत्री महोदय, माझ्या लेकीचं इंजेक्शन कुठे अडलं?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,

सविनय नमस्कार.

माझी मुलगी सात वर्षांची आहे, दुसरीत शिकते. तिला वेळेआधी वयात येण्याचा आजार आहे. दर तीन महिन्यांचं इंजेक्शन दिवाळीनंतर सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात मिळेल, असा शब्द आम्हाला दिला होता. सोमवारी रजा टाकून सक्करदऱ्याहून गेलो, तर खिडकीवरचा माणूस म्हणाला, "साठा नाही, बाहेरून घ्या." आणि वर, "आजकालच्या पोरी लवकरच मोठ्या होतात बाई, त्यात काय एवढं?"

काय एवढं ते ऐका. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच हे संप्रेरक ठरावीक अंतराने, थोडं थोडं सुटतं. त्याने मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरकं सोडते आणि बीजांडकोश इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक बनवू लागतात. लहानपणी मेंदू हा इशारा दाबून ठेवतो. वयात येताना तो इशारा जागा करतं मेंदूतलंच किसपेप्टिन नावाचं प्रथिन. त्याचा निरोप ज्यांच्यात पोचत नाही ती मुलं वयातच येत नाहीत, हे २००३ मध्ये सिद्ध झालं. मुलीत आठ वर्षांच्या आत हे सुरू झालं तर तपासायलाच हवं, कारण मेंदूत गाठही असू शकते.

डॉक्टरांनी तिच्या डाव्या पंजाचा एक्स-रे उजेडासमोर धरला. पोरगी सातची, हाडं दहाची. आज ती वर्गात सगळ्यांत उंच आहे. पोरी विचारतात, "तू नापास झाली का?" पण हाडांची टोकं जुळली की उंची तिथेच थांबणार. घरात दोष माझ्यावर: चिकन खाऊ घातलं, मोबाइल दिला. पहिल्या इंजेक्शनला मी भिशी उचलली. दुसऱ्याला काय उचलू?

औषध म्हणजे जीएनआरएचसारखाच पदार्थ, फक्त तो खंड न पडता मिळत राहतो, म्हणून पिट्युटरी त्याला दाद देईनाशी होते. डोस चुकला की सगळं पुन्हा सुरू होतं. मेंदूच्या या संप्रेरकांच्या संशोधनाला १९७७ मध्ये नोबेल मिळालं. इतकं जुनं ज्ञान आमच्या खिडकीपर्यंत अजून का पोचलं नाही?

चौकशी केली तर उत्तर मिळालं, मेडिकल कॉलेजं तुमच्याकडे नाहीत, ती वैद्यकीय शिक्षण खात्याकडे. आईने आधी खातं ओळखायचं आणि मग आजार? १९५३ च्या नागपूर कराराने दरवर्षी विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे नागपुरात होतं. रस्ते रंगतात, बंगले धुतले जातात, आणि प्रश्न घेऊन आलेल्या माणसांना पोलीस कठड्याआड अडवतात. विदर्भाच्या वाट्याला एवढंच का?

हे इंजेक्शन कायमच्या औषधयादीत घाला. मुदतीआधी साठा ठेवा. खिडकीवरच्यांना सांगा, कुठल्याही लेकरासमोर असं बोलू नका. दोन्ही खात्यांनी आपसात काय ठरवायचं ते ठरवावं. माझ्या मुलीचा डोस उलटून चालला आहे. साठा कधी येणार, ते मला तारखेसह लेखी कळवा.

एक आई, नागपूर