पऱ्हाटी, तिच्यातला लिग्निन आणि मध्येच तोडलेले अर्थसाहाय्य : केंद्रीय पेट्रोलियम मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू मंत्रालय, नवी दिल्ली

विषय : पऱ्हाटीसारख्या काष्ठमय जैवभाराच्या पूर्वप्रक्रियेत लागणाऱ्या पूरक रसायनांवरील संशोधनाचे थांबवलेले अर्थसाहाय्य

महोदय,

सविनय नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या कोरडवाहू कापूस पिकवणाऱ्या घरातला रसायनशास्त्राचा संशोधक आहे. पऱ्हाटीपासून, म्हणजे कापूस वेचल्यावर उरणाऱ्या वाळलेल्या झाडापासून, इथेनॉल करताना तिच्यातला लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू घट्ट धरून ठेवणारा घटक, आडवा येऊ नये यासाठी पूर्वप्रक्रियेत, म्हणजे वाफ किंवा रसायने देऊन ती सैल करण्याच्या टप्प्यात, कोणती पूरक रसायने, किती प्रमाणात मिसळावीत, हा माझा अभ्यासाचा विषय आहे. या कामासाठी एका सरकारी यंत्रणेने तीन वर्षांचे अर्थसाहाय्य लेखी मंजूर केले होते. पहिल्या वर्षाचे काम संपवून अहवाल आणि उपयोगिता प्रमाणपत्र पाठवल्यानंतर गेल्या आठवड्यात मला दोन ओळींचे उत्तर आले, की सदर विषय सध्याच्या प्राधान्यक्रमात बसत नसल्यामुळे पुढील हप्ते देता येणार नाहीत. ती यंत्रणा थेट आपल्या अखत्यारीत येत नाही, हे मला माहीत आहे. परंतु शेतातल्या काडीकचऱ्यापासून इंधन करण्याचे धोरण आपल्या मंत्रालयाचे आहे, म्हणून हे पत्र आपल्याला लिहितो आहे.

महाराष्ट्रात सुमारे ४० लाख हेक्टरांवर कापूस घेतला जातो. हेक्टरी दोन टन वाळलेली पऱ्हाटी धरली, तरी वर्षाला ८० लाख टन होते. हा हिशेब ढोबळ आहे, नेमका आकडा सरकारने काढावा. यातली थोडी चुलीत जाते, थोडी ब्रिकेट करणारे नेतात आणि पुष्कळशी धुऱ्यावर पेटवली जाते. ती शेतात ठेवताही येत नाही, कारण उभ्या पऱ्हाटीवरच्या सुकलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात परत येते. २०१७ च्या हंगामात या अळीने विदर्भातल्या कापसाची जी दैना केली, ती आम्ही अजून विसरलेलो नाही. पऱ्हाटीला चार पैसे मिळाले, तर शेतकरी ती वेळेवर उपटेल आणि अळीचा मुक्कामही मोडेल.

पिकांच्या अवशेषांपासून इथेनॉल म्हटले की आम्हाला पानिपतचे उदाहरण दिले जाते. १० ऑगस्ट २०२२ रोजी पंतप्रधानांनी राष्ट्राला अर्पण केलेल्या, ९०० कोटींहून अधिक खर्चाच्या त्या प्रकल्पात वर्षाला दोन लाख टन भाताच्या पेंढ्यापासून तीन कोटी लिटर इथेनॉल करायचे आहे. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे आहे, याचा मराठी माणूस म्हणून मला अभिमानच वाटतो. परंतु पेंढा हे गवत आहे आणि पऱ्हाटी हे लाकूड आहे. इथेनॉलसाठी आधी त्यातल्या सेल्युलोजच्या तंतूंची एन्झाइमने साखर करावी लागते, आणि लिग्निन जितका जास्त तितके ते अवघड. पऱ्हाटीत जवळजवळ पाव हिस्सा लिग्निन असतो, पेंढ्यात त्याच्या साधारण निम्मा. २००७ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी पऱ्हाटीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. सल्फ्युरिक आम्लाच्या प्रक्रियेने तिच्यातले बहुतेक झायलान (सेल्युलोजभोवतीचा दुसरा शर्करामय घटक) निघून गेले, तरीही नंतर एन्झाइमने जेमतेम पाव हिस्सा सेल्युलोजचीच साखर झाली. सोडियम हायड्रॉक्साइड वापरल्यावर हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास गेले, पण त्या मार्गात अल्कलीचा खर्च आणि काळ्या सांडपाण्याची विल्हेवाट यांचा बोजा येतो.

असे का होते, हे मंत्रालयाने नीट समजून घ्यावे. वाफ आणि आम्ल यांच्यामुळे लिग्निन तुटतो खरा, पण तुटताना त्याच्या रेणूवर धनभारित कार्बनची जागा तयार होते आणि ती लिग्निनच्याच दुसऱ्या वलयाला जाऊन जोडली जाते. अशा रीतीने तो पुन्हा घट्ट होतो, बारीक थेंबांच्या रूपाने सेल्युलोजच्या तंतूंवर बसतो आणि नंतर घातलेले महागडे एन्झाइम स्वतःकडे ओढून निकामी करतो. पूरक रसायनाचे काम इथे असते. झुरिचच्या ईटीएच संस्थेतील संशोधकांनी स्प्रूसच्या लाकडाला वाफ देताना २-नॅप्थॉल मिसळून दाखवले, की हे रसायन ती धनभारित जागा आधीच अडवते, लिग्निन पुन्हा जुळत नाही आणि साखरेचा उतारा वाढतो. रंग तयार करणाऱ्या आपल्या कारखानदारांना हे रसायन चांगले परिचित आहे. अमेरिकी वनखात्याच्या मॅडिसन येथील प्रयोगशाळेने २००९ मध्ये बायसल्फाइटची पद्धत मांडली, तिच्यात लिग्निनला सल्फोनेट गट जोडले जातात आणि त्याची एन्झाइम धरून ठेवण्याची ओढ कमी होते. पॉलिएथिलीन ग्लायकॉलसारखी द्रव्ये एन्झाइमच्या टप्प्यावर घातली, तरी ती लिग्निनचा पृष्ठभाग झाकतात आणि एन्झाइम वाचते.

यातले बरेचसे काम स्प्रूस आणि पाइनसारख्या परदेशी लाकडांवर झाले आहे. आमची पऱ्हाटी वेगळी आहे. दळताना तिच्या सालीचे वाख पात्याच्या दांड्याला असे गुंडाळले जातात, की यंत्र थांबवून ते सुरीने कापून काढावे लागतात. उपटलेल्या मुळांबरोबर आलेली काळी माती आम्लाचा काही भाग आधीच खाऊन टाकते. वाफेच्या भांड्यातून निघालेला तपकिरी लगदा हातात घेतला, तर व्हिनेगरचा आणि करपलेल्या साखरेचा वास येतो, आणि साखर नासायला लागली हे त्या वासावरूनच कळते. यात किती नॅप्थॉल लागेल, ते नंतर पाण्यातून कसे काढायचे, कारण ते जलचरांना विषारी आहे, आणि त्याच्याऐवजी मॅनिटॉलसारखे निरुपद्रवी द्रव्य चालेल का, याची उत्तरे परदेशातून तयार येणार नाहीत. ती इथेच, आमच्याच पऱ्हाटीवर शोधावी लागतील, आणि तेच काम आज बंद पाडले गेले आहे.

महोदय, २०१९ मध्ये सरकारने प्रधानमंत्री जी-वन योजनेला, म्हणजे शेतातल्या अवशेषांपासून इथेनॉल करणाऱ्या प्रकल्पांना साहाय्य देणाऱ्या योजनेला, १,९६९.५० कोटी रुपये मंजूर केले. त्यातले १,८०० कोटी बारा व्यापारी प्रकल्पांसाठी आणि १५० कोटी दहा प्रात्यक्षिक प्रकल्पांसाठी होते. प्रकल्प उभारायला हवेत, याबद्दल माझा वाद नाही. पण त्या प्रकल्पाच्या भांड्यात नेमके काय घडते, हे शोधणाऱ्यासाठी यात खर्चाचे कोणते शीर्ष आहे? आसामात नुमालीगडला बांबूपासून इथेनॉल करण्यासाठी फिनलंडचे तंत्रज्ञान आणले गेले. पऱ्हाटीसाठी ते कोणत्या देशातून आणायचे, हे मला सांगा. ती मोठ्या प्रमाणावर आमच्याच देशात पिकते, आणि तिचा अभ्यास करणाऱ्याला तुम्ही प्राधान्यक्रमाबाहेर काढता.

माझी शिष्यवृत्ती याच अर्थसाहाय्यातून मिळत होती. ती थांबल्यामुळे खोलीचे भाडे थकले आहे, आणि घरून पैसे मागायची मला लाज वाटते, कारण घरी यंदाचा कापूसही हमीभावाखाली गेला. प्रयोगशाळेतल्या दाबपात्राची रबरी कडी झिजली आहे. ती किरकोळ किमतीची वस्तू आहे, पण ज्या शीर्षातून ती घ्यायची तेच गोठवल्यामुळे सारे यंत्र झाकून ठेवले आहे. शासनाने लेखी शब्द दिला म्हणून मी दुसरीकडची नोकरी नाकारली होती. शब्द मोडणाऱ्यांपैकी कोणालाही त्याची झळ बसत नाही, ती फक्त माझ्या वयाच्या संशोधकांना बसते. वडील विचारतात की तुझ्या शिक्षणाचा आपल्या शेताला काय उपयोग झाला, आणि मला उत्तर देता येत नाही.

हे एकट्या माझ्या बाबतीत घडत असते, तर मी गप्प बसलो असतो. ज्या देशात संशोधनावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्क्यांच्या आसपास रेंगाळतो, ज्या देशात जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेच्या रसायनांवरचे सीमाशुल्क १० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर नेले जाते आणि शास्त्रज्ञांनी ओरड केल्यावर काही दिवसांत संशोधकांसाठी ते मागे घ्यावे लागते, तिथे हे निर्णय घेणाऱ्यांपैकी किती जण कधी प्रयोगशाळेत उभे राहिले आहेत? यंत्रखरेदीला मंजुरी मिळते, कारण यंत्रासमोर फीत कापता येते. त्यात घालायच्या रसायनाला पैसे मिळत नाहीत. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य मुदतीआधी गाठल्याचे आपण अभिमानाने सांगता, पण ते इथेनॉल ऊस, मका आणि तांदळातून आले. कापूस पिकवणाऱ्याच्या हाती त्यातले काहीच पडले नाही, आणि तरीही त्यालाच ऊर्जादाता म्हणून भाषणांत उभे केले जाते.

माझी मागणी साधी आहे. जी-वन योजनेत पूर्वप्रक्रियेच्या रसायनशास्त्रासाठी, विशेषतः पऱ्हाटी आणि तुराट्यांसारख्या काष्ठमय अवशेषांसाठी, वेगळे शीर्ष निर्माण करावे. विदर्भात एखाद्या विद्यापीठात वाफेच्या प्रक्रियेचे मध्यम आकाराचे संयंत्र बसवून ते सर्व संशोधकांना खुले करावे. जनतेच्या पैशाने उभ्या राहिलेल्या प्रकल्पांनी प्रतिटन साखरेचा उतारा आणि एन्झाइमचा खर्च दरवर्षी प्रसिद्ध करावा, म्हणजे कोणते पूरक रसायन परवडते हे आम्हाला हिशेबाने सांगता येईल. आणि लेखी मंजूर केलेले अर्थसाहाय्य मध्येच तोडायचे असेल, तर कारणे देऊन आणि संशोधकाचे म्हणणे ऐकूनच तोडावे, असा नियम सरकारने सर्व यंत्रणांना घालून द्यावा. यंदाची पऱ्हाटी अजून शेतात उभी आहे. ती उपटली जाण्याच्या आत हप्ता सुटला, तर या हंगामाचे नमुने हाती लागतील, अन्यथा पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागेल. या पत्राचे लेखी उत्तर आपल्या मंत्रालयाकडून अपेक्षित आहे.

आपला,
यवतमाळ जिल्ह्यातील एक संशोधक