ती गोळी तोडू नका

महोदय,

लोकलच्या घाईत पँटोप्राझोलची, म्हणजे आम्लपित्तावरची, गोळी चावून चहाबरोबर ढकलणारे मुंबईत कमी नाहीत. तिच्यावरचा पिवळा थर शोभेचा नव्हे. तो बहुधा मेथॅक्रिलिक आम्लाच्या पॉलिमरचा, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचा असतो. जठरात, पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र) १ ते ३ असताना, त्यातले कार्बॉक्सिल गट (आम्लधर्मी अणुसमूह) हायड्रोजन धरून बसतात; थर घट्ट राहतो. आतड्यात पीएच ५.५ च्या वर गेला की ते हायड्रोजन सोडून ऋणभारित होतात, एकमेकांना रेटतात, पाणी शिरते, थर फुगून विरघळतो. अर्धी केलेल्या गोळीत मात्र कापलेल्या कडेनेच आम्ल घुसते आणि औषध वाटेतच नासते. सोबत अँटासिड घेतले तर जठराचा पीएच वाढून थर अवेळी सुटू शकतो. औषधविक्रेत्यांनी पाकिटावर ‘तोडू नका’ एवढे तरी लिहून द्यावे.

– दोन औषधनिर्माते, परळ, मुंबई