बुरशीचा मका, खवट दाणे आणि आपले यकृत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रसायन लावून पिकवलेल्या केळ्यांविषयी आपल्या दैनिकात अधूनमधून छापून येते आणि ते यायलाच हवे. मात्र परतीच्या पावसात भिजलेल्या मक्याला आणि भुईमुगाला जी बुरशी धरते, तिच्याविषयी धुळे-नंदुरबारसारख्या मक्याच्या पट्ट्यातही फारसे कोणी बोलत नाही.

ओली कणसे ताडपत्रीखाली दडपून ठेवली की दाण्यांवर हिरवट-पिवळी बुरशी चढते. ॲस्परजिलस फ्लेव्हस ही त्यातली बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते यकृत निकामी करते आणि यकृताच्या कर्करोगालाही कारण ठरते. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या शेजारशेजारच्या जिल्ह्यांत असा मका खाऊन कावीळ झाली, पोटात पाणी साठले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यांत बहुतेक आदिवासी होते आणि त्यांच्या घरची कुत्रीही मेली. सातपुड्याच्या आपल्या पाड्यांवरही मक्याची भाकरी खाल्ली जाते, म्हणून ही घटना मला परमुलखातली वाटत नाही.

धुऊन, भाजून हे विष जाते असा समज आहे. भाजल्याने ते थोडे कमी होते, संपत नाही. बाजारात निवडून बाजूला काढलेले सुरकुतलेले, काळपट शेंगदाणे फेकले जात नाहीत, ते ‘चटणीचे दाणे’ म्हणून स्वस्तात विकले जातात किंवा घाण्यावर जातात. तेलाच्या शुद्धीकरणात या विषाचा बराचसा अंश निघून जातो, घाण्याच्या कच्च्या तेलात तो राहू शकतो. तेव्हा लाकडी घाण्याचे कौतुक करताना दाणे कसे होते हेही विचारावे. (घाणेवाल्यांनी रागावू नये.) खराब मका गुरांना घालणे हाही उपाय नव्हे, कारण तेच विष थोडे बदललेल्या रूपात दुधातून घरात परत येते. बुरसलेल्या ढेपेचेही (पेंडीचेही) तसेच.

धान्यात या विषाची कायदेशीर मर्यादा किलोमागे अवघी १५ मायक्रोग्रॅम आहे, आणि ती डोळ्यांनी तपासता येत नाही. बाजार समित्यांमध्ये मक्यातील ओलावा मोजला जातो तो भाव पाडण्यापुरता. त्याऐवजी ओलावा १४ टक्क्यांवर आणण्यासाठी शेतकऱ्याला तेथेच वाळवणाची फरशी आणि छप्पर द्यावे. दिवाळीपूर्वी खव्याचे नमुने घेणाऱ्या अन्न व औषध प्रशासनाने त्याच दिवसांत सुट्या दाण्यांचे आणि घाण्यावरच्या तेलाचेही नमुने घ्यावेत, व त्यांचे निकाल आपल्या दैनिकाने छापावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, शिरपूर (जि. धुळे)