विहिरीत उतरलेल्या मामांना, जाहीर नमस्कार

मामा, सप्रेम नमस्कार.

विहिरीत पडलेलं हरीण तुम्ही वाचवलंत, त्याचे आभार खरं तर तिथंच, तुमच्या बांधावरच मानायचे होते. पण आमच्या आत्याबाईंनी हात जोडले तसे तुम्ही "अहो, काय करायलाव हे" म्हणत म्हशी सोडायला निघालात. नाव कुठं घालू नका, उगी चौकशी मागं लागायची, असंही बजावलंत. म्हणून नाव घालत नाही. तुमच्या शिवारातल्या माणसांना वाचल्यावर कळेलच. त्याला माझा इलाज नाही.

आम्ही अंबाजोगाईहून केज, नेकनूर करत निघालो होतो ते नायगावच्या मोरांसाठी. बालाघाटाच्या रांगेतलं ते मयूर अभयारण्य १९९४ सालचं, जेमतेम तीस चौरस किलोमीटरचं. उन्हाळ्यात पाणवठ्याजवळ थांबलं की मोर दिसतात, तसे ते दिसले. मग पोरांनी हरणांचा हट्ट धरला आणि परतताना गाडी आतल्या रस्त्याला घातली. नांगरून टाकलेल्या रानात काळविटांचा कळप पळत होता, मागे तीन-चार मोकाट कुत्री. एवढ्यात धाकटा ओरडला, "आई, एक हरीण जमिनीत गेलं!"

खरंच गेलं होतं. बिनकठड्याची विहीर लांबून दिसतच नाही.

आम्ही काठावर पोचलो तेव्हा तुम्ही कुत्री हाकलून तिथं आधीच उभे होतात. खाली गुडघाभर चिखलपाण्यात ती शिंगं नसलेली मादी उभी होती, चारही पाय ताणून, आणि तिच्या कुशीची कातडी एकसारखी थरथरत होती. आमच्या ह्यांनी वनविभागाचा १९२६ नंबर लावला. वनरक्षक निघाले, पण पोचायला वेळ लागणार होता. तोवर आजूबाजूच्या रानातली माणसं जमली, कुणी मोबाइल काढला, कुणी शिट्टी मारली. तुम्ही एकदाच बोललात, पण असं की सगळे मागे सरले: "पडून मरत नाही ती, तुमच्या कालव्यानं मरंल. लेकरं मागं घ्या." वनरक्षकांनी आल्यावर हेच सांगितलं. या जातीला नुसत्या भीतीनं आणि धडपडीनं दगावायला वेळ लागत नाही, म्हणाले.

त्यांच्याकडे जाळी होती, पण पाच परस, म्हणजे पाच पुरुष खोल विहिरीत उतरायला माणूस हवा होता. तुम्ही कंबरेला नाडा बांधला आणि उतरलात. त्यानंतरचं मी काठावर पालथी पडून पाहिलं. तुम्ही तिच्या समोरून गेलाच नाहीत. भिंतीला पाठ घासत कडेकडेनं सरकलात, खांद्यावरचा टॉवेल पाण्यात बुडवून पिळलात आणि एका झटक्यात तिच्या डोळ्यांवर टाकलात. ती एकदा उसळली. मग डोळ्यांपुढे अंधार झाला तशी जागच्या जागी थांबली. पाय बांधायला वरून कासरा सोडला तर तुम्ही तो परत पाठवलात, दोरीनं कातडं सोलतं म्हणून. मग आत्याबाईंच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या. (ते लुगडं गाडीत बसायला अंथरलं होतं. आत्याबाई अजून सगळ्यांना सांगतात की हरीण त्यांच्या लुगड्यामुळे वाचलं. सांगू द्या.)

बाज खाली सोडली, तिच्यावर गोधडी. तिला आडवी टाकायची नाही, उताणी तर नाहीच, पोट फुगतं. पाय दुमडून बसती ठेवायची, हे तुम्ही खालून सांगत होतात. वर आल्यावर आत्याबाई तांब्यानं पाणी पाजायला पुढं झाल्या तर तुम्ही खालूनच ओरडलात, "तोंडात पाणी नका घालू, ठसका लागून जाईल!" जन्मभर शेळ्या सांभाळलेल्या माणसाची ही अक्कल. वनरक्षकसुद्धा मान हलवत होते.

त्यांनी पाय चाचपून पाहिले. मोडलं नव्हतं, खुराजवळ खरचटलं होतं तेवढंच. विहिरीकडे पाठ आणि मोकळ्या रानाकडे तोंड करून तिला ठेवलं, आधी पायाच्या पट्ट्या सोडल्या, टॉवेल सगळ्यात शेवटी. एक क्षण ती बसूनच राहिली. मग जी उधळली ती तीन उड्यांत बांधापलीकडे.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही मात्र चिखल झटकत म्हणालात, "आता जाऊन माझ्याच रानात चरंल."

ते वाक्य मला गाडीत बसल्यावर नीट कळलं. गेल्या मृगात तुमचं सोयाबीन दोन पानांवर असताना याच कळपानं एका रात्रीत खाऊन टाकलं. दुबार पेरणी करावी लागली, रात्र-रात्र बॅटरी घेऊन राखण केलीत, पंचनामा, अर्ज, हेलपाटे, हे सगळं तुम्ही चहा पिता पिता सांगितलं होतं. तक्रारीचा सूर नव्हता त्यात, पण गंमतही नव्हती. आम्ही गाडीच्या काचेतून हरणं बघून "किती गोड" म्हणतो. त्यापायी बियाणं, खत आणि झोप जाते ती तुमची. काळवीट वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, हात लावला की केस होते, हे गावागावांत ऐकून माहीत. त्या भीतीनं कितीतरी जण तोंड फिरवून निघून जातात. तुम्ही गेला नाहीत. आणि वनरक्षक आल्याशिवाय तिला हातही लावला नाहीत. मला आभार मानायचे आहेत ते याचे.

एक मागणंही आहे. विहीर सामायिक आहे, कठड्याचा खर्च कुणी करायचा यावर भावकीत अडून बसलंय, असं तुम्ही म्हणालात. आज हरीण पडलं, उद्या कुणाचं लेकरू पडेल. आमच्या ह्यांच्या मित्राचं अंबाजोगाईत सिमेंटचं दुकान आहे. तुमच्या भावांना विचारा. सिमेंट आमच्याकडून, दगड विहिरीच्या कडेला पडलेलेच आहेत, गवंडी तेवढा तुम्ही बघा. भाऊ नाही म्हणाले तर आत्याबाई स्वतः येऊन बोलतील. त्यांच्यापुढे आमच्या भावकीत अजून कुणाचं चाललेलं नाही.

आणि योगेश्वरीच्या दर्शनाला याल तेव्हा मामींना घेऊन घरी जेवायलाच या. तुमचा टॉवेल धुऊन ठेवला आहे.

तुमची भाची,
अंबाजोगाई