आजीच्या आवाजाचा कागद

॥ श्री ॥

धरमपेठ, नागपूर
दि. १८ जानेवारी २०२६

चि. मधुरा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा सकाळी फोनवर तू विचारलेस की भुलाबाईची गाणी कोणी रचली हे कोणालाच ठाऊक नाही, ती कोणा एकाची नाहीत, मग ती तुमच्या मराठी बोलणाऱ्या यंत्राला (एआयला) शिकवण्यासाठी परवानगी घ्यायची तरी कोणाची? मी तेव्हा कोर्टात जायला निघालो होतो आणि रात्री बोलू असे म्हणून फोन ठेवला. रात्री मुद्दामच फोन केला नाही. उत्तर फोनवर देण्यासारखे नाही, आणि शिवाय भिवापूर व उमरेड तालुक्यांतील गावांत जाऊन बायकांचे आवाज गोळा करण्याचे तुमच्या कंपनीने ठरवले आहे असे तू म्हणालीस, म्हणजे हा विषय आता आपल्या घरापुरता राहिलेला नाही. तीस वर्षे वकिली केलेल्या माणसाचे हे पत्र आहे, तेव्हा कलमांचे आकडे येतील. ते ओलांडून जाऊ नकोस.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो, जी तुला अजून सांगितलेली नाही. दिवाळीत तू आजीजवळ बसून तिची गाणी मोबाइलवर भरून घेतलीस. ती खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल धरून गात होती आणि मध्येच थांबून "आता खाऊ ओळख" असे लहानपणीच्या सवयीने म्हणत होती. तिने तुला विचारले होते, "काय करून राहिली तू माह्या आवाजाचं?" आणि तू म्हणालीस, "जपून ठेवते." मग डिसेंबरात तू मला तुमच्या यंत्राने तयार केलेली एक ध्वनिफीत पाठवलीस. तीत आजीच्या आवाजात शेतकऱ्यांसाठी सूचना होती: गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव टाळायचा असेल तर कपाशीची फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर तेच पीक ठेवून घेतलेले पुढचे उत्पन्न, घेऊ नये. मी कौतुकाने ती आजीला ऐकवली. तिने फोन कानाशी धरला, पूर्ण ऐकले, पुन्हा लावायला सांगितले आणि म्हणाली, "हे मी कवा म्हटलं?" सल्ला अगदी योग्य आहे, आणि आयुष्यभर कपाशीत राबलेल्या बाईला तो कळतही होता. तरीही दुपारभर ती गप्प होती. तुझा हेतू निर्मळ आहे याविषयी मला तिळमात्र शंका नाही, पण "जपून ठेवते" या दोन शब्दांत जेवढी संमती मिळते तिच्या पलीकडे तू गेली आहेस, हे बाप म्हणून नव्हे तर वकील म्हणूनही मला सांगावे लागेल.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. गाण्याच्या शब्दांपुरते तुझे म्हणणे खरे आहे. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेल्या, कर्ता अज्ञात असलेल्या गाण्यावर आज कोणाचा कॉपीराइट सांगता येणार नाही. परंतु आजीने जे केले ते केवळ शब्द सांगणे नव्हते, ते गायन होते, आणि गाणाऱ्याचा हक्क वेगळा असतो. कॉपीराइट अधिनियम, १९५७ यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ३८ हे आजच्या रूपात आले आणि कलावंताला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क मिळाला. तो ५० वर्षे टिकतो. तेथे सादरीकरण म्हणजे प्रत्यक्ष केलेले दृश्य किंवा श्राव्य प्रदर्शन एवढेच म्हटले आहे. रंगमंच, तिकीट किंवा प्रसिद्धी यांची अट त्यात नाही, म्हणून ओसरीवरच्या खुर्चीत बसून गाणारी आजी कायद्याच्या दृष्टीने पूर्ण कलावंत आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३८-अ आणि ३८-ब आली. पहिल्याने सादरीकरणाचे ध्वनिमुद्रण करण्याचा आणि ते इलेक्ट्रॉनिक किंवा अन्य कोणत्याही माध्यमात साठवण्याचा हक्क कलावंताकडे ठेवला. हा साठवण्याचा शब्द तू नीट वाच, कारण यंत्राला शिकवण्यासाठी तुम्ही जो संग्रह करता तो त्यातच बसतो. दुसऱ्याने कलावंत म्हणून नाव घेतले जाण्याचा आणि लौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा नैतिक हक्क दिला.

ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र ज्याने पुढाकार घेऊन ते केले त्याचा असतो. तू ते सुट्टीत, स्वतःच्या फोनवर केलेस, म्हणजे ते तुझे. मग तू ते कंपनीच्या संग्रहात टाकलेस, कोणताही कागद न करता. त्या क्षणी ते कोणाचे झाले, हे उद्या कंपनी विकली गेली तर तुला सांगता येईल का?

याहून अवघड भाग पुढे आहे. कलावंताचा हक्क सादरीकरणाचे रक्षण करतो, आवाजाचे नाही. तूच मला समजावून सांगितलेस की यंत्र गाणे पाठ करत नाही, ते आवाजाची ठेवण आकड्यांच्या माळेत उतरवून घेते आणि मग त्या ठेवणीत कोणतेही वाक्य बोलू शकते. फरदडीची सूचना ही आजीच्या कोणत्याही गाण्याची प्रत नाही, त्यामुळे कलम ३८ तेथपर्यंत पोहोचते की नाही यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होऊ शकतो. ही पोकळी न्यायालये भरू लागली आहेत. अरिजित सिंग यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये असे म्हटले की प्रसिद्ध व्यक्तीच्या परवानगीवाचून तिच्या आवाजात कोणताही आवाज बदलून देणारी साधने उपलब्ध करणे हा तिच्या व्यक्तिमत्त्व हक्काचा, म्हणजे स्वतःचे नाव, चेहरा, आवाज यांच्या वापरावरील हक्काचा, भंग आहे, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही त्याच न्यायालयाने तसेच अंतरिम संरक्षण दिले. हे दोन्ही आदेश मला मनापासून पटतात. पण त्यांचा पाया प्रसिद्धीवर आहे, ज्या आवाजाला बाजारात किंमत आहे त्याच्या गैरवापरावर आहे. भिवापूरच्या मिरचीच्या शेतात काम करणाऱ्या बाईचा आवाज उद्या असाच वापरला गेला, तर तिच्या वकिलाला हे निवाडे जसेच्या तसे वापरता येणार नाहीत. त्याला पुट्टस्वामी प्रकरणात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी मान्य केलेल्या खासगीपणाच्या हक्कापासून सुरुवात करावी लागेल.

त्याला दुसरा आधार २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाचा आहे. त्याचे नियम गेल्या नोव्हेंबरात अधिसूचित झाले असून मुख्य कलमे टप्प्याटप्प्याने लागू व्हायची आहेत. ज्यावरून माणूस ओळखता येतो तो आवाज ही त्याची वैयक्तिक माहिती आहे. संमती घेताना ती कशासाठी हे स्पष्ट सांगावे लागेल, ती सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, मिळण्याची सोय ठेवावी लागेल, आणि संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे लागेल. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. भुलाबाई म्हणणाऱ्यांत निम्म्या तर शाळकरी पोरीच असतात, हे तुझ्या सहकाऱ्यांना कदाचित सुचलेही नसेल.

यंत्राला शिकवण्यासाठी दुसऱ्याची कृती वापरणे मुळात वैध आहे का, हा प्रश्न सगळीकडे न्यायालयांत आहे. एएनआय या वृत्तसंस्थेने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयविरुद्ध नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. आपल्या कॉपीराइट अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये वाजवी वापराची यादी ठरलेली आहे, खासगी वापर व संशोधन, टीका, चालू घडामोडींचे वृत्त अशी. अमेरिकेसारखी मोकळी कसोटी आपल्याकडे नाही. तिकडे जून २०२५ मध्ये एका न्यायाधीशांनी ॲन्थ्रोपिक या एआय कंपनीच्या प्रकरणात असे ठरवले की विकत घेतलेली पुस्तके यंत्राला शिकवण्यासाठी वापरणे हा वाजवी वापर आहे, पण चोरीच्या प्रतींचे ग्रंथालय बाळगणे नाही. पुढे त्या कंपनीने सुमारे ५ लाख पुस्तकांसाठी दीडशे कोटी डॉलरवर तडजोड केली. तुझ्यासाठी त्यातला मुद्दा एवढाच की सामग्री कोणत्या वाटेने आली याची नोंद पहिल्या दिवसापासून हवी.

गेल्या महिन्यात केंद्राच्या उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाच्या समितीने एक कार्यपत्र प्रसिद्ध केले. कायदेशीरपणे मिळालेली सामग्री शिकवण्यासाठी वापरायला सरसकट सक्तीचा परवाना असावा, कर्त्याला नकार देता येऊ नये, मात्र त्याला मोबदला मिळावा, आणि तो एका मध्यवर्ती संस्थेने गोळा करून वाटावा, असा त्याचा गाभा आहे. लहान कंपन्यांना यामुळे दारोदार फिरावे लागणार नाही, हे मला मान्य आहे. पण ज्यांचे नाव कोणत्याच यादीत नाही, त्यांच्यापर्यंत हा पैसा पोहोचेल असे मला वाटत नाही. आणि नाही म्हणण्याचा हक्क काढून घेऊन दिलेले पैसे आजीसारख्या माणसाला भरपाई वाटणार नाहीत.

असे मी म्हणतो त्यामागे एक पक्षकार आहेत. खंजिरी भजने म्हणणारे गृहस्थ होते, नाव सांगत नाही. १९९८ च्या सुमारास एका कॅसेट कंपनीने त्यांच्याकडून दहा भजने गाऊन घेतली, ५०० रुपये दिले आणि महसुली तिकिटावर सही घेतली. कागद त्यांना न कळणाऱ्या भाषेत होता आणि त्यात "सर्व हक्क, कायमचे" एवढेच लिहिलेले होते. कॅसेटच्या वेष्टनावर त्यांचे नाव नव्हते, "व इतर" असे होते. नऊ-दहा वर्षांनी जावयाच्या फोनवर त्यांनी स्वतःचाच आवाज कॉलर ट्यून म्हणून ऐकला आणि ते ती कॅसेट पिशवीत घालून माझ्याकडे आले. मी त्यांना फारसे काही मिळवून देऊ शकलो नाही. थोडक्या रकमेवर तडजोड झाली. त्यांना नाव हवे होते, ते मिळाले नाही, आणि त्याची खंत मला आजही आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये जी अट घातली, ती तेव्हा असती तर मी वेगळा लढलो असतो: करार झाला तेव्हा अस्तित्वात नसलेल्या किंवा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमाला, त्याचा स्पष्ट उल्लेख केलेला नसेल तर, तो करार लागू होत नाही. कलम १९ म्हणते की मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे समजावी. कलम ३९-अ मुळे ही दोन्ही कलमे कलावंतांच्या हक्कालाही लागू आहेत. तेव्हा तुमच्या कंपनीच्या वकिलाने पाठवलेल्या मसुद्यातील "सध्याची व भविष्यातील सर्व तंत्रज्ञाने" हे शब्द मी खोडले आहेत. ते नेमके या अटीला बगल देण्यासाठी घातले जातात.

हळदीचे प्रकरण तू शाळेत असताना मी सांगितले होते. जखम भरण्यासाठी हळद, या गोष्टीवर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले आणि आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने आव्हान दिल्यावर १९९७ मध्ये ते रद्द झाले. ते शक्य झाले कारण जुना संस्कृत ग्रंथ आणि १९५३ चा एक छापील लेख दाखवता आला. आजीच्या गाण्यांना असा कागद नाही. म्हणून गावात गेल्यावर प्रत्येक गाण्यापुढे गाणारीचे नाव, गावाचे नाव, तारीख आणि तिने ते कोणाकडून शिकले हे लिहून घ्या.

संमतीचा मसुदा मी नव्याने केला असून तो सोबत जोडला आहे. तो मोठ्याने वाचून दाखवायचा आहे आणि वाचल्याचेही ध्वनिमुद्रण करायचे आहे. गाणी जपणे, यंत्राला मराठी बोलणे शिकवणे, आणि त्या बाईच्याच आवाजात नवी वाक्ये बोलवणे, या तीन गोष्टींना तीन वेगळ्या सह्या आहेत, आणि तिसरीला नकार दिला तरी पहिल्या दोहोंचा मोबदला कमी होणार नाही. संमती मागे घेतली तर मूळ ध्वनिफीत पुसता येईल, पण शिकून झालेल्या यंत्रातून तो आवाज वेचून काढणे जवळजवळ अशक्य असते, असे तूच म्हणाली होतीस. तर तेच त्या कागदावर सोप्या मराठीत लिहिले आहे, आणि पुढच्या वेळी यंत्र नव्याने शिकवताना तो आवाज वगळण्याची हमीही. ती हमी पाळता येणार नसेल तर आत्ताच सांग, म्हणजे तो परिच्छेद काढू आणि त्यासोबत दुसरी सहीही. यंत्रातून निघालेल्या कृतीचा कर्ता कोण, यावर कॉपीराइट अधिनियमाचे कलम २(ड)(सहा) वाच. तो विषय निवांत बोलण्याचा आहे.

काल संध्याकाळी मी हा मसुदा आजीला वाचून दाखवला. तिने पहिल्या दोन ठिकाणी सही केली आहे, तिसरी जागा मोकळी ठेवली आहे. फरदडीची ध्वनिफीत तू काढून टाकावीस एवढे तिने सांगितले. एक बदल तिने माझ्याकडून पेनाने लिहून घेतला, तो दुसऱ्या पानाच्या समासात आहे: बैलांचे गाणे ती सासरी येऊन तिच्या मोठ्या जावेकडून शिकली, तेव्हा त्या गाण्यापुढे गाणारी म्हणून तिचे आणि शिकवणारी म्हणून जावेचे, अशी दोन्ही नावे यावीत. कंपनीच्या प्रमुखांची सही घेऊन एक प्रत परत पाठव. ती तिला स्वतःच्या ट्रंकेत ठेवायची आहे.

तुझा,
बाबा