गल्ला जास्त भरतो तेव्हा

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

गेली अकरा वर्षे मी एका दुकानात रोखपालाच्या खुर्चीवर आहे. (खुर्ची आपली म्हणायची, बसायला फारसं मिळत नाही.) रात्री गल्ला कमी भरला की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे: खिशातून भरा. पण जास्त भरला तर? काहीच होत नाही. ‘चला, बरं झालं’ म्हणतात आणि सही होते. हे पत्र त्या ‘बरं झालं’बद्दल आहे.

दोन वर्षांपूर्वी ऐन गर्दीत एका वयस्कर गृहस्थांचं बिल १४० झालं. मी ६० परत दिले. ते म्हणाले, “ताई, मी पाचशेची दिली.” मी म्हणाले, “नाही काका, दोनशेचीच होती.” इतक्या ठामपणे म्हणाले की रांगेतल्या दोघांनी माझीच बाजू घेतली. नोट केव्हाच ड्रॉवरमधल्या इतर नोटांत मिसळून गेली होती. काका ते ६० मुठीत धरून निघून गेले. रात्री गल्ला मोजला, बरोबर ३०० जास्त.

कमी पडले असते तर मी पावती न् पावती चाळली असती. तफावतीला नऊने भाग जातो का, हे आम्ही आधी बघतो. जात असेल तर बहुधा आकडे उलटसुलट पडलेले असतात. २६३ च्या जागी २३६, फरक २७. जास्तीच्या रकमेसाठी एवढं डोकं कोण चालवतो? गल्ल्याचं यंत्रही मुळात मालकासाठीच जन्माला आलं. अमेरिकेतल्या डेटन शहरात जेम्स रिटी नावाच्या बारमालकाने १८७९ साली त्याचं पेटंट घेतलं, कारण नोकर पैसे लांबवत होते. आजचं यंत्र किती परत द्यायचे तेही दाखवतं, पण हातात कोणती नोट आली हे त्याला आम्हीच सांगतो. मी २०० दाबले, त्याने ६० दाखवले. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

तेव्हापासून नोट हातात आली की मी मोठ्याने “पाचशे” म्हणते आणि मोड दिल्याशिवाय ती आत टाकत नाही, ड्रॉवरवर आडवी ठेवते. मोड बिलापासून चढत मोजते: दोनशे त्रेसष्ट, हे दोन, पासष्ट, हे पाच, सत्तर, दहा, ऐंशी, वीस, तीनशे, आणि हे दोनशे, झाले पाचशे. नवीन आलेली मुलगी हसते. म्हणते, “यंत्र सांगतंय ना, २३७?” मग नोटा, नोटांवर पावती आणि पावतीवर नाणी असा ढीग ती गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवते. नाणी घरंगळतात, मागचा माणूस पुढे सरकतो, मोजायचं राहूनच जातं.

गिऱ्हाइकांनाही एक सांगते. सुटे द्यायचे तर आधी द्या. मी २३७ काढल्यावर “थांबा, तीन आहेत माझ्याकडे” ऐकलं की मी सगळी मोड परत घेते आणि पहिल्यापासून मोजून २४० देते. रांग उसासे टाकते, टाकू दे. या अर्धवट बदलाबदलीतच हिशोब फसतो, आणि फसवणाऱ्यांनाही तोच क्षण हवा असतो.

मालकांनी एवढं करावं: जास्तीची रक्कम विक्रीत मिसळू नये. तारीख, वेळ आणि आठवत असेल ते लिहून पाकिटात वेगळी ठेवावी. आमच्याकडे त्या ३०० साठी मला दोन दिवस वाद घालावा लागला. पाकिटावर मी लिहिलं होतं, ‘बिल १४०, काठी, जाड चष्मा’.

काका आठव्या दिवशी आले. मला पाहून शेजारच्या काउंटरच्या रांगेत जाऊन उभे राहिले. मी पाकीट घेऊन तिथे गेले. त्यांनी पैसे दोनदा मोजले आणि मगच खिशात ठेवले.

आपली,
एक रोखपाल